लग्नातला फोटो आणा

डॉक्टरसाहेबांकडे पहिल्यांदा आलेला पेशंट जिना उतरताना हमखास गोंधळलेला असायचा. हातात औषधाची चिठ्ठी असो-नसो, डोक्यात एक फर्मान घेऊन तो उतरायचा : "पुढच्या खेपेला लग्नातला फोटो आणा."

शहरात गुलमंडीत कापडाच्या दुकानाच्या माडीवर त्यांचा दवाखाना होता. खाली साड्या उलगडत, वर माणसं. मागच्या अंगाला छोटी लॅब, आणि त्या लॅबमध्ये मी. रक्त काढायचं, मशीनला लावायचं, रिपोर्ट पुढं सरकवायचा. बावीस वर्षं हेच केलं. फार न बोलता करता येण्यासारखं काम आहे, म्हणून मला मानवलं.

फोटो आला की डॉक्टर तो खिडकीशी न्यायचे. एकदा फोटोकडं बघायचे, एकदा माणसाकडं. चष्मा कपाळावर, ओठ पुढं काढलेले. मग एकदम म्हणायचे, "लग्नात हे नाक एवढं नव्हतं. कायकू?"

बायको म्हणायची, "साहेब, वय झालं की आता."

"वयानं केस जातात बाई. चपलेचा नंबर वाढत नाही. कितीची घालायचे हे लग्नात?"

आणि त्या माणसाच्या मेंदूतल्या ग्रंथीला खरंच गाठ निघायची.

फोटोवाले त्या काळी सगळ्यांनाच गोरं करायचे, हे त्यांना ठाऊक होतं. त्यावरही इलाज होता. "शेजारी करवली कोण आहे? तिला पण आणा." करवली आता पन्नाशीची, कन्नड गावाहून दोन बस बदलून येणार, कशासाठी, तर भावाच्या रंगाशी रंग ताडून बघायला. लोक हसायचे, पण आणायचे. लग्न न झालेल्यांना दहावीच्या हॉलतिकिटावरचा फोटो चालायचा.

"कायकू" हा त्यांचा दुसरा आजार. माणूस खुलताबादचा, घरात दखनी बोलणारा, पेशंटशी आमच्यापेक्षा चोख मराठी. पण अडलं की तोंडातून "कायकू" यायचं. सहज पटणारा रिपोर्ट त्यांना आवडत नसे. कोपऱ्यात पेन्सिलीनं देवनागरीत लिहायचे, 'कायकू?', आणि माझ्याकडं परत पाठवायचे. मी मनातल्या मनात शिव्या घालत पुन्हा मशीन लावायचो. मशीनला ते 'मशीनबाई' म्हणायचे. सगळ्यांनाच अहो-जाहो करायचे, लसीला आलेल्या पोरालासुद्धा. "या, बसा. रडायचं असेल तर आधी रडून घ्या, मग सुई."

अशा माणसाबद्दल लिहायला बसलो की हात भरभर चालतो. जे लिहायचं आहे तिथं आलो की थांबतो. पण आता थांबून चालणार नाही.

माझा थोरला भाऊ देवगाव रंगारीला शेती करतो. त्याला आम्ही दादा म्हणतो. पन्नाशीच्या आतच दादा थकायला लागला. कपाशीच्या दोन सऱ्या चालला की बांधावर बसायचा. गावात असं झालं की निदान ठरलेलं : रक्त कमी झालं. मी तर घरातला डॉक्टर. लॅबमध्ये कामाला म्हणजे गावाच्या हिशेबी अर्धा डॉक्टरच. दर महिन्याला मी त्याला लोहाचं टॉनिक नेऊन द्यायचो. वहिनी लोखंडी कढईत पालेभाजी करायची, वर लिंबू पिळायची. दोन वर्षं आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला मायेनं लोखंड खाऊ घातलं. मी एकदाही त्याचं हिमोग्लोबिन बघितलं नाही. ज्याचं काम रोज रक्त तपासायचं, त्यानं.

पुढं साखर निघाली, म्हणून एकदाचा त्याला माडीवर आणला. डॉक्टरांनी हात पुढं केला. हस्तांदोलन ही त्यांची तपासणीच असायची; अंगठ्याशेजारच्या दोन बोटांची मुळं ते चिमटीत धरून दाबायचे. दादा कळवळला.

"कधीपासून?"

"औताचा मुठ्या धरून धरून झालंय सायेब."

"मुठ्या सगळी बोटं धरतात. दुखतात दोनच. कायकू?"

मग माझ्याकडं वळून, "भाऊ, लोखंड तपासा. आणि ह्यांचा लग्नातला फोटो आणा."

फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा, मशीनच्या आवाक्याबाहेर गेला. मला वाटलं मशीनबाई बिघडल्या. नमुना पातळ करून पुन्हा लावला. चार हजारांच्या वर. पुरुषाला तीनशे म्हणजे भरपूर. रक्तात लोह वाहून नेणाऱ्या शंभर गाड्या असतील, तर दादाच्या ब्याण्णव भरलेल्या होत्या; चांगल्या माणसाच्या तीस-पस्तीस असतात. हिमोग्लोबिन पंधरा. माझ्या भावाला रक्त कमी नव्हतंच कधी.

डॉक्टरांनी दादाला समजावलं ते मी दाराआडून ऐकलं. "आपल्या शहराला दरवाजे किती?"

"बावन म्हणत्यात."

"शरीराला लोखंडासाठी एकच. तो पण आत यायचा. बाहेर जायचा दरवाजा अल्लानं ठेवलाच नाही. म्हणून आत येणाऱ्या दरवाज्यावर दरबान असतो, पुरे झालं की बंद करतो. तुमचा दरबान जन्मापासून झोपलेला आहे. लोखंड येतंय, येतंय, यकृतात बसतंय, साखरेच्या ग्रंथीत बसतंय, बोटांत बसतंय, कातडीत बसतंय."

"मंग आता?"

"आता रक्त काढायचं. दर हप्त्याला एक पिशवी. नवं रक्त करायला शरीर कोठारातलं लोखंड वापरतं. कोठार खाली होईपर्यंत काढायचं. टॉनिक बंद, कढई बंद, दारू असेल तर ती पण. आणि जेवणासोबत चहा प्या."

हे शेवटचं ऐकून मी दाराआड हसलो. वीस वर्षं या माणसानं बायाबापड्यांना जेवणावर चहा प्यायल्याबद्दल रागावलेलं मी ऐकलं होतं, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही. इथं सगळ्यांना कमी पडतं. उतू जाणारा हा पहिलाच.

या आजाराची नेहमीची जनुक तपासणी बाहेरगावी पाठवली, ती निर्दोष आली. दुसरा कुणी असता तर तिथंच थांबला असता. डॉक्टरांनी त्यावरही 'कायकू?' लिहिलं. ती तपासणी ज्या दोषासाठी आहे तो आपल्याकडं क्वचित सापडतो, असं म्हणून त्यांनी आणखी मोठी तपासणी मागवली. सहा आठवड्यांनी दुसऱ्याच जनुकातला दोष हाती लागला. एक प्रत आईकडून, एक वडिलांकडून.

त्यांनी मला समोर बसवून घराण्याचा तक्ता काढला. माझे आईवडील आते-मामे भावंडं. वडिलांच्या भावानं माझ्या आईचीच धाकटी बहीण केलेली. दोघे भाऊ, दोघी बहिणी. डॉक्टरांनी पेन्सिलीनं दोन नावांभोवती गोल काढला : एक मी, दुसरा माझा चुलतभाऊ बापू.

"तुम्ही उद्या स्वतःचं तपासा. बापूंना आठ दिवसांत आणा. लवकर सापडलं तर यात काहीच होत नाही भाऊ. उशिरा सापडलं तर सगळं होतं."

तो कागद मी घडी करून पाकिटात ठेवला.

त्याच महिन्यात माझ्या लेकीची सोयरीक जुळत आली होती. एवढं सांगितलं की मराठी वाचकाला पुढचं कळेल. आजार हा शब्द निराळा आणि 'घराण्यात आजार' हे दोन शब्द निराळे. चार दिवसांनी मी डॉक्टरांना सांगितलं, "माझं तपासलं. नॉर्मल आहे. बापूचंही बघतो." मी सुईसुद्धा काढली नव्हती. लॅब माझी, रिपोर्ट माझा. त्यांनी कागद मागितला नाही. प्रत्येक रिपोर्टवर 'कायकू' लिहिणाऱ्या माणसानं माझ्या तोंडी रिपोर्टवर काही लिहिलं नाही.

दादाचं रक्त काढायला आधी त्यांनी एका रक्तपेढीला फोन लावला. मी समोर होतो.

"दाता कोण आहे?" तिकडून.

"दाता नाही."

"मग रक्त कोण देतंय?"

"कोणी देत नाही. आम्ही काढतोय."

"कशासाठी?"

"फेकायसाठी."

फोन आपटल्याचा आवाज मलाही आला. मग डॉक्टरांनी दवाखान्यातच सोय केली. भाजीवाल्याचा स्प्रिंगचा काटा आणून पिशवी त्याला लटकवली. दर मंगळवारी, आधी हिमोग्लोबिन बघून, मी सुई लावायचो आणि ते दादाशेजारी स्टुलावर बसून अद्रकीच्या भावावर वाद घालायचे. पिशवी भरली की मागं लॅबमध्ये नेऊन ती कापून औषधात बुडवायची, मग कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत. कापायचं काम माझं. हे लक्षात ठेवा.

पहिल्या मंगळवारी वहिनी सोबत आली होती. तिनं पिशवी भरताना बघितली आणि गावात जाऊन सांगितली. महिनाभरात गोष्ट मोठी झाली. गावच्या स्टँडवरच्या हॉटेलात मी चहाला बसलो होतो, सकाळची वेळ, दहा-बारा माणसं. एकजण म्हणाला, "म्हशीगत पिळतोय त्याला. दर हप्त्याला पिशवी!" दुसरा म्हणाला, "इकत असंल. रगताला लई मागणी हाय शहरात." डॉक्टरांच्या नावावरून आणखी काही बोललं गेलं, ते मी लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. मग हॉटेलवाला माझ्याकडं वळला.

"काय रं, तू तिथंच असतोस नव्हं? इकतो का त्यो?"

समोरच्या बाकड्यावर लेकीच्या होणाऱ्या सासरचा एक पाव्हणा बशीत चहा ओतत होता. 'नाही, तो फेकतो, मीच कापतो' असं म्हटलं, तर पुढचा प्रश्न येणार होता, मग काढतो कशाला? आणि त्याचं उत्तर माझ्या घरापर्यंत येणार होतं.

मी म्हणालो, "मला काय म्हाईत. मी मागं असतो, लॅबमधी."

एवढंच वाक्य. चहा संपवला आणि बस पकडली.

पुढच्या मंगळवारी दादा आला नाही. गावात म्हणाले, सख्खा भाऊ म्हणतोय म्हाईत नाय, म्हणजे समजा. देवगाव, हतनूर, सगळ्या त्या पट्ट्यातले पेशंट कमी झाले. माडीवरची बाकडी मोकळी दिसू लागली. डॉक्टर दर मंगळवारी काटा पुसून ठेवायचे आणि विचारायचे, "दादा?"

"पेरणीत आहे."

"निरोप दिला?"

"दिला." दिलेला नसायचा. मी त्याला समजवायला गेलो असतो, तर हॉटेलातलं वाक्य आधी मागं घ्यावं लागलं असतं.

मग मी म्हणायचो खुरपणीत आहे, मग वेचणीत. एकदा ते म्हणाले, "भाऊ, ही कोणती शेती आहे जी संपतच नाही?" मी नळी धुवत राहिलो.

अकरा महिने. त्यात दादानं दुसऱ्या कुणाकडून पुन्हा ताकदीचं टॉनिक सुरू केलं. पायावर सूज आली, पोट तटतटलं. लेकीची सुपारी मात्र ठरल्या दिवशी फुटली.

एका सकाळी डॉक्टर म्हणाले, "चला, आज दवाखाना बंद. तुमचं शेत बघायचंय." सत्तरीच्या वरचा माणूस एसटीच्या मागच्या सीटवर डबा मांडीवर घेऊन बसला. मी वाटभर खिडकीतून बाहेर बघत होतो.

दादाच्या घरात टीव्हीच्या वर त्याच्या लग्नाचा फोटो आहे. डॉक्टर बुटासकट बाजेवर चढले, फ्रेम उतरवली, रुमालानं काच पुसली. दादाला अंगणात खुर्चीवर बसवलं आणि फ्रेम त्याच्या गालाला लावून धरली. आजूबाजूचे दहा-पंधराजण कुंपणाशी जमलेच होते.

"वहिनी, तुमचं लग्न ह्यांच्याशी झालं का त्यांच्याशी?"

वहिनी पदराआड हसली. मग हसू थांबलं. ती जवळ आली आणि बघत राहिली. रोज बघितलेलं माणूस दिसत नाही.

"काळं न्हाय ओ हे," ती हळूच म्हणाली. "शिशागत झालंय."

"उन्हानं झालं असंल," कुंपणाशी कुणीतरी.

"असेल," डॉक्टर म्हणाले. त्यांनी दादाचा सदरा वर केला. सुजलेलं पोट, तोच शिशाचा रंग. "देवगावचं ऊन सदऱ्याच्या आत पण पडतं काय?"

मग एकानं धीर करून विचारलं, "डॉक्टर, पर रगताचं काय करता तुमी?"

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. माझ्याकडं बोट करून ते म्हणू शकले असते, ह्यांना विचारा, हेच कापतात. ते एवढंच म्हणाले, "मंगळवारी या. सगळे या. खुर्च्या आहेत." आणि डबा उघडून वहिनीला म्हणाले, "थोडा ठेचा मिळेल का?"

सातजण आले. बाकड्यावर ओळीनं बसून त्यांनी पिशवी भरताना आणि कापली जाताना बघितली. एकाला भोवळ आली, डॉक्टरांनी त्याला दादाच्याच शेजारी झोपवलं. "तुमचं काढत नाही हो, पडून राहा." त्यानंतर दादा एकदाही चुकला नाही. अशक्त झालेल्या अंगातून रक्त बेताबेतानं, महिनोन्महिने काढावं लागलं. कोठार खाली झालं. चेहऱ्यावरचा शिशाचा रंग उतरला. पण पहिल्या सोनोग्राफीत सुजलेलं यकृत आता दगडी झालं होतं. इन्शुलिन लागलं, पोटातल्या पाण्यासाठी गोळ्या लागल्या, त्या कायमच्या. किती आधीचं आणि किती त्या अकरा महिन्यांतलं, हे कुणी सांगू शकत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मला सांगता येतं.

लेकीच्या लग्नात डॉक्टर आले. हस्तांदोलनाला हात पुढं केला आणि मी तयारीत नव्हतो. त्यांनी दोन बोटांची मुळं दाबली. तोंडातून आवाज निघून गेला.

त्यांनी हात सोडला. जेवले, लेकीला आशीर्वाद दिला, गेले. चार दिवसांनी कामावर गेलो तर टेबलावर एक फोटो होता. माझ्या लग्नातला. मी मुंडावळ्यांत, आणि शेजारी काळ्या दाढीचे डॉक्टर, आहेराचं पाकीट हातात. मी विसरलो होतो की ते त्या फोटोत आहेत.

"तुमचा फोटो मला मागावा लागला नाही," ते म्हणाले. "बसा."

बावीस वर्षांत पहिल्यांदा मी पेशंटच्या स्टुलावर बसलो. रक्त त्यांनीच काढलं. तीनदा टोचलं. "माफ करा," प्रत्येक वेळी म्हणाले, "सवय राहिली नाही." माफी ते मागत होते.

माझं वाढलेलं निघालं, पण यकृत मऊ होतं. काही महिने पिशव्या काढल्या, आता तीन महिन्यांतून एक. लेकीलाही सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, एवढंच होतं?" जावयाचं तपासलं, त्याच्यात दोष नाही. नातवंडांना धोका नाही. ज्यासाठी गप्प बसलो होतो ते एका दुपारच्या बोलण्यात मिटलं.

डॉक्टरांनी आता दवाखाना बंद केला आहे. खुलताबादला असतात. दृष्टी गेल्यातच जमा आहे. फोटो दिला तर बोटांनी चाचपून परत देतात. गेल्या हिवाळ्यात मी माझा रिपोर्ट वाचून दाखवायला गेलो होतो. आकडे सांगून झाले आणि मी हॉटेलातलं वाक्य सांगितलं. जसंच्या तसं. तोंडी रिपोर्टचं खोटंही, न दिलेले निरोपही.

ते सीताफळाच्या बिया बशीत काढत होते. "मला माहीत आहे," म्हणाले. "वहिनींनी ठेच्यासोबत सांगितलं होतं."

"त्याच दिवशी? मग मला कामावर ठेवलं कशाला?"

"मशीनबाईंना दुसरं कोणी चालत नव्हतं."

मला हसता आलं नाही. मी म्हणालो, "साहेब, मला माफ करा."

"मी कुठं हॉटेलात बसलो होतो?" ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "जिथं बोललात तिथं जाऊन बोला. माझ्या कानात सांगून तिथल्यांना कसं ऐकू जाणार?" मग बशी बाजूला सारून, "आणि कागदावर दोन गोल काढले होते मी. दुसरा कुठं आहे?"

कागद पाकिटातच होता. घडीवर फाटलेला.

येताना मी शहराकडं उतरलो नाही. देवगावची बस धरली. हॉटेल तेच आहे, बाकडी प्लास्टिकची झाली आहेत. हॉटेलवाल्याचा मुलगा गल्ल्यावर, म्हातारा बाजूला खुर्चीत. सात-आठ ओळखीची माणसं. मी उभा राहिलो. उभं राहून बोलायची मला सवय नाही.

"सात वर्षांपूर्वी तुम्ही मला इथं विचारलं होतं, डॉक्टर रक्त विकतो का. मी म्हणालो म्हाईत नाय. म्हाईत होतं. पिशवी मीच कापून फेकत होतो. आजार आमच्या घराण्यात आहे, मला पण आहे. तो लपवायला मी गप बसलो."

चहाची किटली उकळत होती. म्हातारा हॉटेलवाला खुर्चीत पुढं सरकला. "आरं," तो म्हणाला, "मंग तवाच बोलायचं की. आमी त्या माणसाला काय काय बोललो."

मी मान खाली घातली.

कोपऱ्यातल्या खुर्चीवरून बापू उठला. मी आत आलो तेव्हा त्याला ओळखलंच नव्हतं, खरं सांगतो. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण चेहरा दादाचा त्या वेळी होता तसा. तो टेबलाशी आला आणि उजवा हात माझ्यापुढं पालथा ठेवला.

"ही दोन बोटं," तो म्हणाला. "दोन साल झालं. मुठ्या धरून झालं असंल म्हणलं."

मी त्याचा हात हातात घेतला. अंगठ्याशेजारच्या दोन बोटांची मुळं चिमटीत धरली आणि दाबली. त्यानं ओठ चावला.

"बापू," मी विचारलं, "घरात लग्नातला फोटो आहे का?"